सात मिनीडीव्ही कॅसेटी, टाइमकोडची वही आणि रिकामी हार्ड डिस्क: २००३ सालचे संकलन पुन्हा उभे करता येईल का?

तळकोकणी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे काका कुडाळजवळच्या आमच्या गावात फोटो स्टुडिओ चालवत असत. २००२ ते २००३ या काळात त्यांनी आसपासच्या गावांतील जत्रांमध्ये होणारे दशावताराचे, म्हणजे कोकणातील लोकनाट्याचे, प्रयोग मिनीडीव्ही (लहान डिजिटल कॅसेटीच्या) कॅमेऱ्यावर चित्रित केले आणि त्यांतून दीड तासाचा एक माहितीपट तयार केला. तो कोठेही प्रसारित झाला नाही. त्याच्या व्हीसीडी त्यांनी कलाकारांच्या घरी स्वतः नेऊन दिल्या होत्या. काका दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या महिन्यात स्टुडिओचा माळा आवरताना एका पत्र्याच्या पेटीत मला सात कॅसेटी, ४० जीबीची एक हार्ड डिस्क, माहितीपटाच्या दोन व्हीसीडी आणि दोनशे पानांची एक वही मिळाली.

हार्ड डिस्क चालू झाली, परंतु तिच्यात व्हिडिओची एकही फाइल नाही. ‘पीपीजे’ प्रकारच्या काही लहान फायली, दोन ध्वनिफायली आणि नामावलीची एक वर्ड फाइल एवढेच आहे. ती वर्ड फाइल उघडली तर कलाकारांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग दिसते. व्हीसीडी चालते, पण चित्र इतके अस्पष्ट आहे की संकासुराच्या, म्हणजे दशावतारातील असुर पात्राच्या, चेहऱ्यावरचे भावही नीट दिसत नाहीत. वहीत मात्र पानोपानी अशा नोंदी आहेत: ‘टे. ३, ००:१४:०७:२१ ते ००:१४:१९:०३, संकासुर प्रवेश, घेणे’. काही नोंदींपुढे ‘एनजी’ लिहिले आहे, तर काहींखाली लाल पेनाने रेघ ओढली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. त्यांनी मूळ व्हिडिओ पुसून का टाकला असेल? वहीतील आकड्यांचा नेमका अर्थ काय? त्यांच्या स्टुडिओत तेव्हा फक्त फोनवरून जोडले जाणारे इंटरनेट होते आणि तेही क्वचितच सुरू असे. मग हे सगळे ते शिकले तरी कोठून? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्यांनी केलेले संकलन चांगल्या दर्जात पुन्हा उभे करता येईल का?

रात्रपाळीसंकलक यांचे उत्तर

तुमच्या काकांनी काहीही गमावलेले नाही, हे आधी सांगतो. मी १९९८ पासून सांगलीत लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग, म्हणजे संकलन, करत होतो आणि २००१ मध्ये संगणकावर काम करू लागलो. वहीतील नोंद वाचताच मला त्या काळची कामाची पद्धत ओळखू आली.

डीव्ही व्हिडिओ एका तासाला सुमारे १३ जीबी जागा घेतो. तुमच्याकडे सात कॅसेटी आहेत, म्हणजे प्रत्येकी एक तास धरला तरी ९१ जीबी होतात आणि डिस्क ४० जीबीची आहे. शिवाय त्याच डिस्कवर विंडोज आणि लग्नाची इतर कामेही असणार. म्हणून आम्ही सगळे असे करत असू की कॅसेट पाहून हवे तेवढेच तुकडे वहीत उतरवायचे, तेवढेच संगणकात घ्यायचे, संकलन झाले की तयार माहितीपट फायरवायरने (कॅमेरा आणि संगणक जोडणाऱ्या डिजिटल तारेने) पुन्हा कोऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा आणि डिस्क पुढच्या कामासाठी रिकामी करायची. डिस्क ही कामाची ओटी होती. माल कॅसेटवर राहत असे. त्यामुळे सर्वांत आधी हे पाहा की त्या सातांपैकी एखादी कॅसेट ‘मास्टर’ किंवा ‘फायनल’ अशा नावाची तर नाही ना. तशी असेल तर तुमचे निम्मे काम झाले आहे, कारण फायरवायरने उतरवलेल्या प्रतीत पिढीगणिक होणारी घट नसते. कॅमेऱ्याने नोंदवलेले आकडेच दुसऱ्या फितीवर जसेच्या तसे जातात.

ही घट म्हणजे काय, हे ज्यांनी व्हीएचएसवर काम केले त्यांनाच खऱ्या अर्थाने ठाऊक आहे. मालेगावात नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून चित्रपटांचे संकलन केले, ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. आम्हीही लग्नांसाठी तेच करत होतो. एका यंत्रावर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर कोरी, आणि पॉझच्या बटणावर बोट. प्रत्येक प्रतीत रंग पसरत जात आणि मधला एखादा प्रसंग दहा सेकंदांनी लहान करायचा म्हटले तर त्याच्या पुढचे सगळे पुन्हा करावे लागे. अशा माणसाला संगणकाच्या टाइमलाइनवर (तुकडे क्रमाने लावायच्या पट्टीवर) एखादा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवता येतो आणि बाकीचे आपोआप सरकते, हे पहिल्यांदा दिसले तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे तुम्ही समजू शकाल. मला तो दिवस अजून आठवतो.

आता आकड्यांविषयी. ते तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम आहेत. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणून वहीतील शेवटचा आकडा कधीही २४ च्या पुढे जाणार नाही. हवे तर तपासून पाहा. हा टाइमकोड कॅमेरा प्रत्येक फ्रेमबरोबर फितीवर लिहीत असतो. ‘पीपीजे’ ही अडोबी प्रीमियरच्या त्या वेळच्या आवृत्तीची प्रोजेक्ट फाइल आहे. तिच्यात व्हिडिओ नसतो. कोणत्या कॅसेटवरील कोणता टाइमकोड कोणत्या क्रमाने लावायचा, एवढीच माहिती असते, आणि म्हणूनच ती इतकी लहान आहे. कॅसेटी पुन्हा संगणकात घेतल्या की त्या फाइलच्या किंवा वहीच्या आधारे सगळी जुळणी फ्रेम न् फ्रेम परत करता येते. ‘एनजी’ म्हणजे नापास तुकडा. लाल रेघेचा अर्थ मात्र प्रत्येक संकलकाचा स्वतःचा असे.

शिकण्याविषयी तुम्ही विचारले आहे. आमच्याकडे प्रोग्रॅममधील मदतीची पाने होती, एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारी झेरॉक्स केलेली माहितीपुस्तिका होती, आणि पीसीक्वेस्ट किंवा डिजिट यांसारख्या मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडी होत्या. त्या सीडींवर प्रोग्रॅमच्या चाचणी आवृत्त्या आणि कोडेक (व्हिडिओ दाबून साठवणारे आणि पुन्हा उलगडणारे लहान प्रोग्रॅम) असत. अडचण आली की ती कागदावर लिहून सायबर कॅफेत जायचे, परदेशी मंडळींनी लिहिलेली उत्तरे शोधून ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर उतरवायची आणि घरी येऊन वाचायची. व्हिडिओ पाहून व्हिडिओ शिकणे तर कल्पनेपलीकडचे होते. ५६ केबीपीएसच्या मोडेमवरून एक तासाची डीव्ही फाइल पाठवायची म्हटली असती, तर तो वेग अखंड मिळूनही तीन आठवडे लागले असते. त्यामुळे खरे शिक्षण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकात बसवायची कार्डे विकणाऱ्या दुकानदाराकडून आणि शेजारच्या गावातल्या स्टुडिओवाल्याकडून होत असे. कोणी मोटारसायकलवरून वीस किलोमीटर येऊन, डीव्हीच्या तुकड्यांत चित्र अडखळते कारण तुझी डिस्क डीएमए मोडमध्ये (वेगाने माहिती पोहोचवणाऱ्या सेटिंगमध्ये) नाही, एवढे सांगून जात असे, आणि ते एक वाक्य महिनाभराचा मनस्ताप वाचवत असे.

एक सूचना आणखी. डिस्क विंडोज ९८ च्या काळातील फॅट३२ पद्धतीची असेल, तर फाइल ४ जीबीच्या पुढे जात नसे, म्हणजे सलग सुमारे १९ मिनिटेच घेता येत. वहीतील तुकडे कदाचित त्यामुळेही लहान असतील. भारनियमनाचा परिणामही त्यात असू शकतो: आम्ही टाइमलाइन पाच-पाच मिनिटांच्या भागांत रेंडर करत असू (म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार करून घेत असू), जेणेकरून वीज गेली तर एकच भाग पुन्हा करावा लागेल. रात्री अकराला रेंडर लावून सकाळी सहाला उठून पाहायचे, असा माझ्या आयुष्यातील काही वर्षांचा दिनक्रम होता.

फीतसंग्राहक यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी पणजीत जुन्या फितींचे संगणकीकरण करतो, म्हणून पुढच्या पायरीविषयी लिहितो.

पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी यूएसबीच्या स्वस्त उपकरणात कॅसेट उतरवून घेऊ नका. तसे केल्यास चित्र एकदा ॲनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होईल, आणि टाइमकोड पूर्णपणे जाईल. टाइमकोड गेला तर तुमच्या काकांची वही निरुपयोगी ठरेल. कॅमेऱ्यावरचे यूएसबीचे छिद्रही बहुतेक मॉडेलांत छायाचित्रांसाठी किंवा वेबकॅमसाठी असते. फायरवायरच हवे. त्यासाठी जुना डेस्कटॉप आणि फायरवायरचे कार्ड हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरेसे आहेत. मॅकओएसच्या २०२५ मधील आवृत्तीतून फायरवायरचा आधार काढला गेला आहे, तेव्हा नवीन मॅक घेऊ नका. तार लावताना आणि काढताना कॅमेरा बंद ठेवा, कारण चालू असताना जोडल्याने जळालेली फायरवायरची छिद्रे मी अनेक पाहिली आहेत.

कॅसेटी कोकणातल्या माळ्यावर होत्या, म्हणून आधी भिंगाने फितीच्या कडा पाहा. पांढुरकी बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात मुळीच घालू नका. ती हेडवर (कॅमेऱ्यातील फीत वाचणाऱ्या भागावर) जाईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. पावसाळ्यात कॅमेरा थंड खोलीतून दमट हवेत आणला की दवाची सूचना दाखवून तो फीत फिरवणेच थांबवतो. तेव्हा जबरदस्ती न करता तासभर थांबावे. कॅसेटवर ‘एलपी’ लिहिलेले असेल तर ती साठ मिनिटांच्या फितीवर नव्वद मिनिटे बसवलेली असते. तिचे मार्ग अरुंद असतात आणि ती बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्यावर भरली त्याच कॅमेऱ्यावर नीट चालते. काकांचा कॅमेरा घरात असेल तर तो दुरुस्त करून घेण्यासाठी खर्च करा, असे मी आग्रहाने सांगेन.

चित्रात चौकोन तुटताना दिसले तर तीच कॅसेट दोन-तीन वेळा घ्या. डीव्हीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतींमधील चांगल्या फ्रेम निवडून एकच निर्दोष प्रत तयार करतो. यातही तो टाइमकोडचाच आधार घेतो.

तळकोकणी

आपणा दोघांचे मनापासून आभार. कॅमेरा काकूंनी कपाटात जपून ठेवला आहे. तो सुरू होतो, पण कॅसेटचे दार उघडत नाही. सावंतवाडीतील एका कारागिराकडे दिला आहे. ‘मास्टर’ नावाची कॅसेट नाही. वहीतील शेवटचा आकडा खरोखरच कोठेही २४ च्या पुढे गेलेला नाही. मी सगळी पाने तपासली. नामावलीच्या फाइलबाबत कोणी सांगू शकेल का? त्या कलाकारांपैकी काही आता हयात नाहीत आणि नावे चुकू नयेत असे मला वाटते.

अक्षरजुळारी यांचे उत्तर

ती फाइल बिघडलेली नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच होती आणि फाँटमुळे ती मराठी दिसत. तो फाँट नसेल तर मुखवटा गळून मूळ चिन्हे दिसतात. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक केल्यास वर फाँटचे नाव अजूनही दिसेल. ते नाव घेऊन एखाद्या जुन्या छापखान्यात जा. पत्रिका छापणाऱ्यांकडे हे फाँट हमखास असतात. फाँट मिळाला की नावे जशीच्या तशी वाचता येतील, मग ती युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. आपोआप रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे यांत ती चुकतात, आणि माणसांच्या नावांत अशी चूक राहणे बरे नाही.

व्हिडिओतल्या मराठीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती कोठे लिहिलेली आढळत नाही. त्या काळच्या टीव्हीवर चित्र दोन हप्त्यांत उमटत असे, आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या ओळी. इंग्रजी अक्षराला त्याने फारसा त्रास होत नसे, पण आपली शिरोरेषा ही सलग आडवी रेघ आहे. ती एकाच ओळीइतकी बारीक असली तर सेकंदाला २५ वेळा दिसते आणि नाहीशी होते, आणि संपूर्ण नाव थरथरू लागते. मी तेव्हा स्टुडिओवाल्यांना शीर्षके करून देत असे. संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसणारी नामावली टीव्हीवर पाहताना डोळे दुखत. फाँट जाड घेऊन आणि फोटोशॉपमध्ये अक्षरांना उभ्या दिशेने किंचित अस्पष्ट करून आम्ही तो दोष घालवला. पुढे टीव्हीच्या कडेला चित्राचा काही भाग कापला जातो हे लक्षात आल्यावर वेलांट्या आणि उकार वाचवण्यासाठी नावे आत सरकवली. हे आम्हाला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते, कारण ती पुस्तके रोमन लिपीसाठी लिहिलेली होती. तुमच्या काकांची शीर्षके व्हीसीडीत ठसठशीत आणि मध्याकडे ओढलेली दिसत असतील, तर त्यांनीही हा शोध स्वतःच लावला होता, असे समजा.

रात्रपाळीसंकलक

अक्षरजुळारी यांनी लिहिलेले अगदी खरे आहे. मीही बारीक फाँट वापरून एका कुटुंबाची संपूर्ण लग्नपत्रिका टीव्हीवर थरथरवली होती आणि ती कॅसेट परत घेऊन पुन्हा करून दिली होती.

व्हीसीडीच्या अस्पष्टपणाविषयी मात्र काकांच्या बाजूने दोन शब्द लिहितो. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते आणि त्याला सेकंदाला ११५० किलोबिट एवढीच जागा मिळते, तर डीव्हीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असून त्याला सुमारे २५ मेगाबिट मिळतात. त्यात धयकालो, म्हणजे जत्रेतला दशावताराचा प्रयोग, रात्रीचा. अपुऱ्या उजेडात कॅमेरा चित्रात दाणे आणतो, आणि एमपेग (व्हीसीडीतले चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) त्या दाण्यांनाच हलणारी वस्तू समजून सगळी जागा त्यांच्यावर खर्च करतो. चेहऱ्यासाठी काही उरत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर मखमलीचा लाल अंगरखा हे तर या तंत्रासाठी सर्वांत कठीण दृश्य होय. तरीही २००३ मध्ये तळकोकणातल्या कलाकाराच्या घरी डीव्हीडी प्लेअर असण्यापेक्षा व्हीसीडी प्लेअर असण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटे मावतात, म्हणून दीड तासाच्या माहितीपटाच्या दोन सीडी कराव्या लागल्या. लोकांना पाहता येईल त्या माध्यमात त्यांनी तो दिला, हा माझ्या मते योग्य निर्णय होता. त्या दोन व्हीसीडी फेकू नका. कोणता तुकडा कोठे कापला आणि कोणता आवाज कोठे चढवला, याचा तोच शेवटचा पुरावा आहे. नवीन टाइमलाइनच्या खाली व्हीसीडीचे चित्र ठेवून जुळवत जा.

आणखी एक धोका लक्षात ठेवा. शूटिंगच्या मध्ये कॅसेट मागे घेऊन पाहिली आणि पुढे थोडी कोरी जागा सोडून पुन्हा चित्रण सुरू केले, तर टाइमकोड शून्यापासून सुरू होतो. मग एकाच कॅसेटवर एकच आकडा दोन ठिकाणी येतो. जाणकार लोक त्यासाठी आधी लेन्सचे झाकण लावून पूर्ण कॅसेट काळी भरून घेत, किंवा चित्रणाचा शेवट शोधणारे ‘एंड सर्च’ वापरत. पण जत्रेच्या घाईत ते नेहमी जमत नसे.

तळकोकणी

सर्वांना कळवण्यास आनंद वाटतो की कॅमेरा दुरुस्त झाला आणि सातही कॅसेटी संगणकात आल्या. सहाव्या कॅसेटीत चौकोन तुटत होते. ती तीन वेळा घेऊन एकत्र केल्यावर चौदा-पंधरा फ्रेम सोडल्यास सगळे चित्र मिळाले. तिसऱ्या कॅसेटीत ००:१४:०७:२१ या फ्रेमवर गेलो तेव्हा पडद्याआडून संकासुराचा पाय बाहेर पडत होता, आणि व्हीसीडीतही तो प्रसंग नेमका तेथूनच सुरू होतो. फाँट कुडाळच्या एका छापखान्यात मिळाला. नामावलीत ३१ नावे आहेत, त्यांतील पायपेटी वाजवणाऱ्यांचे नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. शीर्षकांची अक्षरे जाड आहेत आणि कडेपासून बरीच आत आहेत.

रात्रपाळीसंकलक यांनी सांगितलेला धोका चौथ्या कॅसेटीत खरा ठरला. तिच्यात पहिल्या अकरा मिनिटांचे आकडे दोनदा येतात. लाल रेघेचा अर्थही त्यामुळे उलगडला: रेघ असलेल्या सगळ्या नोंदी दुसऱ्या भागातील आहेत आणि रेघ नसलेल्या पहिल्या भागातील. म्हणजे घोळ झाल्याचे काकांच्या लक्षात आले होते आणि त्यांनी त्यावर स्वतःची खूण ठरवली होती. या दोन भागांच्या मधल्या सांध्यावर काही सेकंद नुसती जमीन आणि कोणाच्या तरी चपला दिसतात. तेथे कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज येतो, “पेटी आयकाक येता काय रे?” आणि लांबून कोणीतरी हो म्हणते. हा तुकडा वहीत कोठेच नोंदलेला नाही. माहितीपट त्यांच्या क्रमानेच जुळवत आहे, म्हणून त्यात तो घेणार नाही. वेगळी फाइल करून काकूंना दिली आहे. आतापर्यंत पहिली बावीस मिनिटे जुळली आहेत.